इंग्रजी शिकवायचं गाणं: ओळखीचं, पण कुणाच्या?

खडूची_धूळ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सातवीचा पट २२. मुलांना इंग्रजी पहिलीपासून आहे. शब्द येतात, स्पेलिंगं येतात, प्रश्नोत्तरं घोटून पाठ. पण "काल काय केलंस ते इंग्रजीत सांग" म्हटलं की अख्खा वर्ग फळ्याकडे बघायला लागतो.

म्हणून दिवाळीनंतर गाण्यांचा घाट घातला. माझ्या कॉलेजच्या दिवसांतली लाडकी गाणी काढली. पहिला मान बीटल्सच्या 'येस्टर्डे'ला, का तर भूतकाळ शिकवायचा होता. स्पीकर घरून नेला, शब्द फळ्यावर लिहिले, गाळलेल्या जागा ठेवल्या. गाणं संपलं तेव्हा मी डोळे पुसायच्या बेतात आणि मुलं शोकसभेला बसल्यासारखी. एकाने हळूच विचारलं, "बाई, कोण वारलंय का?"

पुढच्या आठवड्यात 'फाइव्ह हंड्रेड माइल्स' लावलं, पीटर, पॉल अँड मेरीचं. तेही माझंच लाडकं. दोन ओळी झाल्या नाहीत तोवर मागच्या बाकावरून गुणगुण सुरू. "बाई, ह्ये तर 'जब कोई बात बिगड जाए' हाय! माझ्या पप्पांची रिंगटोन हाय!" आणि मग २२ जण त्या चालीवर नुसतं ला-ला-ला. शब्द एकाला येत नव्हता, पण गप्पही एकजण नव्हता.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. पुस्तकांत 'परिचित गाणी निवडा' असं लिहिलेलं असतं, ते परिचित म्हणजे कुणाला? नुसती चाल ओळखीची असून भागतं का? तुमच्यापैकी कुणी वर्गात, शिकवणीत, घरात असं काही केलं असेल तर सांगा. फसलेलंसुद्धा चालेल. फसलेलं जास्त चालेल.

---

भेळवाला_भटका | रविवार, रात्री १०:०५

कोण वारलंय का 😂😂 हसून हसून पुरेवाट.

बाई, तुम्ही नकळत सोन्याच्या खाणीवर पाय दिलाय. आपल्या हिंदी संगीतकारांनी जन्मभर जी उचलेगिरी केली ती शेवटी शिक्षणाच्या कामी येणार तर. घ्या:

'आते जाते, हँसते गाते' (मैंने प्यार किया, १९८९) म्हणजे स्टीव्ही वंडरचं 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू' (१९८४).
'ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ' (सीआयडी, १९५६) म्हणजे 'ओ माय डार्लिंग क्लेमेंटाइन'.
'कौन है जो सपनों में आया' म्हणजे एल्व्हिसचं 'मार्गरिटा'.
'मिल गया हमको साथी' म्हणजे अब्बा या बँडचं 'मामा मिया'.

आणि तुमचं 'जब कोई बात', ते 'जुर्म'मधलं, १९९०. मुलांचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीचं, पण लग्नाच्या बँडवाल्यांनी आणि रिंगटोनने जिवंत ठेवलंय.

---

आठवी_ब | रविवार, रात्री १०:३२

यादी झकास, पण 'आय जस्ट कॉल्ड'च्या नादी लागू नका. मी लागलो होतो.

ठाण्यात माध्यमिकला आहे. गाणं कागदावर फार गुणी दिसतं. महिन्यांची नावं, ऋतू, सणवार, सगळं ओळीने येतं. शिवाय 'टू से' म्हणजे 'सांगण्यासाठी', हेतू दाखवणारी रचना, आठवीच्या पोरांची हमखास चुकणारी. मी खूश. विसरलो एवढंच की ध्रुवपदात 'आय लव्ह यू' आहे आणि समोर १३-१४ वर्षांची ५८ पोरं आहेत. पहिल्या ध्रुवपदाला खसखस, दुसऱ्याला मुलींनी माना खाली घातलेल्या, तिसऱ्याला शेजारच्या वर्गावरचे सर दारात. त्या दिवशी एकही महिना शिकवून झाला नाही.

'क्लेमेंटाइन'चं दुखणं वेगळं. चाल सगळ्यांना पाठ, पण भाषा जुनी, आणि यमकासाठी 'बॉक्सेस'ला जुळवून 'टॉप्सेस' असं अनेकवचन केलंय. परीक्षेत कुणी तसं लिहिलं तर मीच लाल रेघ मारणार!

---

स्वराघात | रविवार, रात्री ११:१५

उत्तम धागा. जरा लांबण लावतो, सहन करा.

चाल ओळखीची असली की काय होतं ते तुमच्या वर्गाने दाखवूनच दिलं. नवं गाणं ऐकताना कानाला एकाच वेळी तीन कामं पडतात: चाल पकडायची, शब्द सुटे करायचे, अर्थ लावायचा. चाल आधीच डोक्यात असेल तर एक काम कमी. पुढचा ठोका कुठे येणार हे मुलाला माहीत असतं, त्यामुळे ते त्या ठोक्यावर काय शब्द येतोय ते ऐकायला मोकळं राहतं. 'येस्टर्डे'त तिन्ही कामं नवी होती, वर भावही मोठ्या माणसाचा.

टिम मर्फी नावाच्या अभ्यासकाने १९९० साली 'गाणं डोक्यात अडकून बसणं' या प्रकारावर लिहिलं होतं. गाणं थांबलं तरी आपण मनातल्या मनात ते घोळवत राहतो, म्हणजे फुकटची उजळणी चालू राहते. त्यानेच पुढे पॉप गाण्यांची भाषा तपासली. ती बरीचशी सोपी, पुनरुक्तीची, आणि त्यातला 'तू' कोण, गाव कुठलं, वार कोणता, हे बहुधा सांगितलेलंच नसतं. ती रिकामी जागा ऐकणारा आपल्या माणसांनी भरतो. हे लक्षात ठेवा, तुमच्या गाण्यात उपयोगी पडेल.

आता 'फाइव्ह हंड्रेड माइल्स'कडे. पहिल्याच ओळीत 'इफ यू मिस द ट्रेन' आहे आणि पुढे 'यू विल नो'. ही रचना मराठी मुलांची हमखास चुकते आणि त्याला कारण आपली मराठी आहे. आपण म्हणतो, 'तुझी गाडी चुकली तर तुला कळेल.' चुकली! रूप भूतकाळाचं, गोष्ट भविष्याची. 'तू आलास तर मी येईन' हेही तसंच. मग मूल इंग्रजीत 'इफ यू मिस्ड... यू विल नो' लिहितं आणि आपण त्याला नियम पाठ नाही म्हणून रागावतो. नियम त्याला मराठीचा पाठ आहे, तो त्याने इमानदारीत लावला. गाण्यात मात्र 'मिस' हे तसंच्या तसं कानात बसतं, कारण तिथे वाढीव 'ड' घुसवायला जागा नाही.

एक इशारा. त्याच ओळीच्या शेवटी 'आय अ‍ॅम ऑन' आहे. 'मी ज्या गाडीत आहे ती गाडी' यातला 'ज्या' इंग्रजीने गिळलाय. तिथे मुलं अडतील. उकल करत बसू नका, चित्र काढा.

---

खडूची_धूळ | सोमवार, सकाळी ७:१०

@स्वराघात, चुकली-तर चुकली हे वाचून सकाळी सकाळी कपाळावर हात मारला. १४ वर्षं मी त्या 'ड'शी भांडतेय आणि तो आमच्याच घरातून येतोय!

आणि अडण्याबद्दल: मी परवा ऐकून लिहायला सांगितलं होतं. निम्म्या वर्गाने 'आय अ‍ॅम ऑन'ला 'आयमॉन' असा एकच शब्द लिहिला. एकाने तर खाली अर्थ दिला, 'आयमॉन: गाडीचे नाव'.

---

स्वराघात | सोमवार, सकाळी ७:३०

आयमॉन एक्सप्रेस! त्याला पैकीच्या पैकी द्या. इंग्रजी बोलणारा तसंच जोडून बोलतो, पोराचा कान तयार आहे. आता फक्त तो शब्द कुठे तोडायचा ते सांगा.

---

निवृत्त_नाना | सोमवार, सकाळी ९:२०

आम्हास आठवीपासून इंग्रजी होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात घेऊन वाक्यामागून वाक्य घासले, त्यावर ३५ वर्षे सरकारी पत्रव्यवहार केला, कोणी चूक काढली नाही. तेव्हा वर्गात गाणी नव्हती. गाणी गाऊन भाषा आली असती तर रेडिओ ऐकणारा प्रत्येक पानवाला उर्दूचा पंडित झाला असता. मुलांना गंमत वाटते हे ठीक. पण गंमत म्हणजे शिक्षण नव्हे.

---

पोळपाट | सोमवार, सकाळी ९:४५

नाना, नमस्कार. पण पाढे तुम्ही कसे पाठ केलेत? बे एके बे चालीवरच म्हटलं असणार ना? अजूनही ७ आठे विचारलं तर मनात आधी चाल येते आणि मग आकडा, खरं सांगा.

---

निवृत्त_नाना | सोमवार, सकाळी १०:०२

येते. परंतु पाढ्यास अर्थ कळावा लागत नाही, वाक्यास लागतो. माझा मुद्दा तोच आहे.

---

सातपुड्याचा_मास्तर | सोमवार, दुपारी २:१८

नानांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. आमच्याकडे पहिलीतलं पोर ट्विंकल ट्विंकल खडाखडा म्हणतं आणि 'स्टार' कुठाय विचारलं तर बोट वर जात नाही.

मी धडगाव भागात आश्रमशाळेवर आहे. धागाकर्त्या ताईंचा 'कुणाला परिचित' हा प्रश्न आमच्याकडे अजून एक पायरी खाली जातो. मी इथे नवा आलो तेव्हा मोठ्या हुशारीने मराठी बालगीतांच्या चालींवर इंग्रजी शब्द बसवून आणले. 'नाच रे मोरा', 'सांग सांग भोलानाथ' वगैरे. म्हटलं, हे तर प्रत्येक मराठी मुलाला येतं. वर्ग ढिम्म. कारण ही मुलं घरी पावरी बोलतात. मराठी हीच त्यांची शाळेतली दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी, हिंदी धरली तर चौथी. 'नाच रे मोरा' त्यांना तितकंच परकं जितकं सातारच्या पोरांना बीटल्स.

मग वर्षभर नुसतं ऐकलं. सुट्टीत मुली टाळ्यांच्या खेळात काय म्हणतात, होळीच्या दिवसांत ढोलावर काय वाजतं. (काठी गावची राजवाडी होळी एकदा येऊन बघाच, रात्रभर ढोल.) ती गाणी मला चोरायची नव्हती, त्यांच्या देवाधर्माची असतात, त्यात इंग्रजी कोंबणं बरं दिसत नाही. पण ठेका घेता येतो. कॅरोलिन ग्रॅहम नावाच्या न्यूयॉर्कच्या शिक्षिकेने १९७८ मध्ये 'जॅझ चँट्स' काढली, तीत चाल नसतेच, रोजची वाक्यं फक्त ठेक्यावर म्हणायची. मी तेच ढोलाच्या ठेक्यावर करतो. एक गट विचारणार, दुसरा उत्तर देणार: 'व्हेअर आर यू गोइंग?' 'टू द बझार!' 'व्हॉट विल यू बाय?' 'अ बिग रेड चिली!' बाकावर हात आपटून. मुख्याध्यापक एकदा धावत आले, मारामारी लागली समजून.

आणि नाना, अर्थाचं असं करतो: प्रत्येक वाक्याला एक कृती. बझार म्हटलं की पिशवी खांद्याला. कृती चुकली की कळतं, अर्थ पोहोचला नाही.

---

निवृत्त_नाना | सोमवार, दुपारी ४:४०

हे पटले.

---

भेळवाला_भटका | सोमवार, दुपारी ४:४४

नानांचं 'हे पटले' फ्रेम करून लावा रे कुणीतरी.

---

पोळपाट | सोमवार, रात्री ८:५५

माझं शिकणारं गिऱ्हाईक वेगळं आहे. आमच्या पिंपरीच्या वस्तीत बचत गटाच्या १५-१६ बायका आठवड्यातून दोनदा माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकतात. वय ३० ते ६०. पिठाच्या ऑर्डरी, डबे, मुलांच्या शाळेतली पालकसभा, एवढ्यापुरतं इंग्रजी हवंय त्यांना. लहान मुलांची गाणी लावली की लाजतात, "ताई, आम्ही काय बालवाडीत आहोत का?" आणि बरोबरच आहे त्यांचं. पॉप गाणी तर दूरच.

नवरात्रात आमच्याकडे भोंडला झाला. 'अक्कण माती चिक्कण माती' सुरू झालं आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. आठवा ते गाणं: अश्शी माती सुरेख बाई, जातं ते रोवावं, अस्सं जातं सुरेख बाई, सपिटी दळावी, मग करंज्या, मग तबक, मग शेला, मग पालखी, शेवटी माहेरी धाडायचं. प्रत्येक ओळीत रचना तीच, वस्तू नवी, आणि मागच्या ओळीतली वस्तू पुढच्या ओळीला हात देते. इंग्रजीचे व्यायाम असेच तर असतात, फक्त त्यात जीव नसतो.

आम्ही केलं: 'सच नाइस क्ले, माय डिअर, लेट्स मेक अ ग्राइंडर.' 'सच अ नाइस ग्राइंडर, माय डिअर, लेट्स ग्राइंड द फ्लार.' पुढे बायकांनी स्वतः जोडलं. एकीने करंज्यांऐवजी चकल्या घातल्या कारण तिचा धंदा चकल्यांचा. माहेरी धाडण्याऐवजी 'लेट्स सेंड देम टू विमाननगर', तिथे तिचं मोठं गिऱ्हाईक आहे! 'क्ले'ला 'अ' का नाही आणि 'ग्राइंडर'ला का आहे, हा प्रश्न त्यांनीच विचारला. मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तू मी दोन महिने समजावत होते, ते या दोन ओळींत झालं.

@खडूची_धूळ, चाल आपली आणि शब्द इंग्रजी, हा रस्ताही बघा.

---

स्वराघात | सोमवार, रात्री ९:३०

भोंडला अफलातून. वाचनखूण साठवली.

पण या रस्त्यावर एक खड्डा आहे तो दाखवतो. इंग्रजी शब्दात एक अक्षर जोरात आणि बाकीची दबलेली असतात, मराठीत सगळी साधारण सारख्या वजनाने येतात. मूळ इंग्रजी गाण्यात ठोका जोरदार अक्षरावर पडेल अशी काळजी घेतलेली असते, त्यामुळे गाणारा आपोआप बरोबर उच्चारतो. मराठी चालीत आपण शब्द कोंबले की ठोका भलत्याच ठिकाणी पडतो. 'टुमॉरो'चा ठोका 'टु'वर आला की मूल जन्मभर 'टू-मारो' म्हणणार, आणि गाण्यातून बसलेली चूक निघता निघत नाही. एबीसीडीचं गाणं बघा ना. ट्विंकलच्याच चालीवर आहे, 'बा बा ब्लॅक शीप'ही त्याच चालीवर, आणि ती चाल मुळात फ्रेंच. त्यात एल-एम-एन-ओ-पी एका दमात जातात, म्हणून अर्ध्या जगातली मुलं 'एलेमेनोपी' हे एकच अक्षर समजतात.

चाचणी सोपी आहे. शब्द आधी नुसते बोला, टाळी कुठे पडते बघा. मग गा. टाळी हलली तर शब्द बदला.

---

आठवी_ब | सोमवार, रात्री ९:५२

मग 'सांग सांग भोलानाथ'वर चाचणी करा. पाडगावकरांनी आपल्यासाठी 'विल'चे प्रश्न तयारच करून ठेवलेत, पडेल काय, मिळेल काय.

टेल मी टेल मी भोलानाथ, विल इट रेन टुडे?
विल द स्कूल बिकम अ पूल, अँड विल वी गेट अवे?

---

स्वराघात | सोमवार, रात्री १०:०१

टेल, टेल, भो, नाथ. विल, रेन, डे. टाळी जागची हलत नाही. स्कूल-पूल तर बोनस. शंभर नंबरी.

फक्त 'गेट अवे'पेक्षा 'स्टे अवे' करा. 'गेट अवे'त दरोडा टाकून पळाल्याचा वास येतो.

---

भेळवाला_भटका | सोमवार, रात्री १०:०६

शाळेला सुट्टी मिळाल्यावर पोरं तशीच पळतात, 'गेट अवे'च राहू द्या.

माझं मत 'कोलावरी डी'ला. २०११चं, पण आजही पोरांना येतं. मून, कलर, व्हाइट, नाइट, शब्द किती सोपे! चुका शोधायचा खेळ लावा.

---

आठवी_ब | सोमवार, रात्री १०:२०

ते गाणं मुद्दामच मोडक्या इंग्रजीत लिहिलंय, त्यातली मजा कळायला आधी न मोडलेलं इंग्रजी यावं लागतं. दहावीला ठीक. सातवीला नको, त्यांना तेच बरोबर वाटेल.

---

भेळवाला_भटका | सोमवार, रात्री १०:२४

बरं, मग 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस'? स्वतःची ओळख करून द्यायला?

(अवांतर: ते नाव हवेतून आलेलं नाही. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातल्या माजोर्ड्याचे, मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'तल्या या गाण्याने गुरूचं नाव असं घराघरांत पोचवलं.)

---

श्टुटगार्टकर | मंगळवार, पहाटे २:४०

इथे रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूने एक अनुभव.

चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, जर्मनचा वर्ग लावला. वर्गात सीरिया, तुर्कस्तान, युक्रेन, व्हिएतनाम इथली माणसं. आपापली डिग्री गुंडाळून सगळे पहिलीत बसलेले. पहिल्या आठवड्यात बाईंनी एक गाणं सुरू केलं, 'ब्रुडर याकोब'. एक शब्द कळला नाही, पण मी ताडकन सरळ बसले, कारण ते 'आर यू स्लीपिंग, ब्रदर जॉन' होतं! आमच्या बालवाडीतलं! शेजारची तुर्की बाई तिच्या भाषेत तेच गुणगुणायला लागली. 'श्लेफ्स्ट डू नोख' म्हणजे 'झोपलायस का अजून' हे कुणी सांगावं लागलंच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही भाषा मला येऊ शकते.

पण पुढे बाईंनी त्यांच्या लहानपणीची जर्मन गाणी आणली. तेव्हा मी तुमच्या सातवीच्या बाकावर होते, कोण वारलंय का, अशी. त्या गाताना डोळे मिटायच्या आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो. त्यांना ते कधीच कळलं नाही, आणि आम्हाला सांगता येण्याइतकं जर्मन येत नव्हतं.

---

खडूची_धूळ | मंगळवार, सकाळी ७:०५

@श्टुटगार्टकर, शेवटची ओळ लागली. माझीही मुलं सांगू शकत नव्हतीच. बरं झालं त्या एकाने 'कोण वारलंय' विचारलं.

---

जुना_परिपाठ | मंगळवार, सकाळी १०:३०

आश्चर्य आहे, सगळ्यात जवळचं गाणं कुणीच काढलं नाही. परिपाठात 'हम होंगे कामयाब' म्हणता ना? म्हणजे 'वी शॅल ओव्हरकम'. गिरिजाकुमार माथुर यांचा अनुवाद. इथे नुसती चालच नाही, अर्थही मुलांच्या तोंडात आधीच बसलेला आहे. 'एक दिन'च्या जागी 'सम डे'.

मी असं करायचो: पहिल्या दिवशी हिंदी म्हणायचं, दुसऱ्या दिवशी इंग्रजी, तिसऱ्या दिवशी दोन्ही फळ्यावर शेजारी लिहून कुठला शब्द कुठल्या शब्दाशी जुळतो त्याच्या रेघा ओढायला लावायच्या. 'मन में है विश्वास'ला 'डीप इन माय हार्ट' जुळतं का? जुळतं, पण पूर्ण नाही. विश्वास पुढच्या 'आय डू बिलीव्ह'मध्ये गेला. 'डीप' हिंदीत आलाच नाही. सहावीच्या मुलांनी यावर अर्धा तास वाद घातला, मराठीत, पण वाद इंग्रजी शब्दांवर!

मग फळा पुसत जायचं. प्रत्येक फेरीला दोन शब्द पुसायचे, पण मुलांनी गाणं पूर्ण म्हणायचं. शेवटी रिकाम्या फळ्याकडे बघून सगळे गातात. त्याला ना स्पीकर लागतो ना वीज.

---

सातपुड्याचा_मास्तर | मंगळवार, दुपारी १:१५

फळा पुसण्याला +१००. पण पुसताना ठोक्यावरचे शब्द आधी पुसू नका, ते खुंट्या असतात. आधी ओळीच्या शेवटचे, यमकाचे पुसा, ते यमकावरून आठवतात.

---

खडूची_धूळ | शनिवार, दुपारी ३:५०

वृत्तान्त द्यायला आले. सर्वांचे मनापासून आभार.

मी 'फाइव्ह हंड्रेड माइल्स'च घेतलं. दोनच कडवी. सोमवारी सांगितलं, आधी हिंदीत म्हणा. म्हटलं, दणक्यात. मग इंग्रजी दोनदा ऐकवलं, मग स्पीकर बंद करून मीच गायले. (माझा आवाज असा आहे की मुलांची भीड लगेच चेपते.) आयमॉन एक्सप्रेसचं चित्र फळ्यावर: डब्यात एक माणूस, फलाटावर एक. अर्थ दोन मिनिटांत पोहोचला.

बुधवारी फळा पुसला. शेवटी फळ्यावर फक्त 'इफ' उरला होता. मग म्हटलं, आता 'इफ'ने सुरू करून आपापलं वाक्य. १७ वाक्यांत 'मिस्ड'सारखा 'ड' आला नाही. पाचांत आला. १४ वर्षांतला विक्रम आहे हा. दोन दिवसांनी किती उरतं ते बघायचंय, नाना, तुमची शंका मी विसरलेले नाही.

गाण्यात पुढे येतं की अंगावर सदरा नाही, खिशात दमडी नाही, अशा अवस्थेत घरी कसा जाऊ. ते कडवं मी सोडणार होते, मुलांना जड जाईल म्हणून. पण एका मुलीने विचारलं, "बाई, ह्यो मानूस कामाला गेलाय का?" आमच्या भागातली निम्मी घरं मुंबईच्या माथाडी कामावर चालतात. तिचे वडील वाशीच्या मार्केटला असतात, गणपतीला आणि जत्रेला येतात. ते कडवं घेतलं मग. त्यावर मी काही बोलले नाही, त्यांनीही नाही, नुसतं म्हटलं.

काल माइल म्हणजे काय हे निघालं. १ मैल म्हणजे साधारण १.६ किलोमीटर, ५०० मैल म्हणजे ८००. गणिताचा तास फुकट पदरात पडला. लगेच एकजण म्हणाला, "मुंबई एवढी लांब न्हाय बाई, अडीचशे किलोमीटर आहे." भागाकार केला, दीडशेच्या वर थोडं आलं. म्हणून आमच्या वर्गात आता गाणं 'वन फिफ्टी माइल्स' असं म्हणतात. 'अ हंड्रेड अँड फिफ्टी' आधी करून पाहिलं, चालीत बसेना.

---

स्वराघात | शनिवार, दुपारी ४:१२

बसणार नाहीच. 'फाइव्ह हंड्रेड माइल्स' चार अक्षरं, 'वन फिफ्टी माइल्स'ही चार, आणि 'हंड्रेड'चा ठोका 'हं'वर तसा 'फिफ्टी'चा 'फिफ्'वर. पोरांनी टाळी न वाजवता कानाने जुळवलं. वाशी १५ मैलांवर असती तर पंचाईत होती, 'फिफ्टीन'चा जोर 'टीन'वर जातो.

---

खडूची_धूळ | शनिवार, दुपारी ४:२०

१५ मैलांवर असती तर ते रोज घरी आले असते हो.

सोमवारी भोलानाथ. 'गेट अवे' ठेवतेय.